बर्फावरचीं पादत्राणें

आम्हां घाटावरील मंडळींस बर्फ म्हणजे उन्हाळ्यांतला गोळा. त्यावरून चालावयाचें ही कल्पनाच अपूर्व! गेल्या फेब्रुवारींत बोस्टनच्या पुतण्यानें मला न्यू हॅम्पशायरांतील माउंट वॉशिंग्टनच्या पायथ्याशीं नेलें. शिखर ६,२८८ फूट, कळसूबाईहून नऊशें फूटच अधिक. पण १९३४ च्या एप्रिलांत तेथें वाऱ्याचा वेग ताशीं २३१ मैल मोजला गेला होता.

तेथील मूळ रहिवासी लाकडी चौकट वांकवून ती कच्च्या कातड्याच्या वाद्यांनीं विणीत. आमचीं पादत्राणें अॅल्युमिनियमचीं, तळाशीं पोलादी दांते. देहाचा भार सुपाएवढ्या पृष्ठावर वांटला जातो, म्हणून पाय फारसा रुतत नाहीं. मात्र फेंगडें चालावें लागतें. आरंभीं मीं दोनदां स्वतःच्याच पायावर पाय दिला.

चढ लागतांच पुतण्या म्हणाला, "काका, कोट काढा. घाम आला तर थांबल्यावर तोच गारठवील." मला तें पटेना, पण ऐकलें.

वर स्प्रूस व फर यांचें दाट अरण्य. बर्फांत बुडालेल्या झाडाच्या फांद्यांखालीं पोकळी राहते, हें मला ठाऊक नव्हतें. एक शेंडा न्याहाळण्यास वाट सोडली, आणि कमरेपर्यंत आंत गेलों! पादत्राण फांदींत अडकलें. सुटण्यास अर्धा तास लागला.

एक वाजतां परतावयाचें, असें निघतांनाच ठरलें होतें. अडीच मैलांवरचें हर्मिट सरोवर थोडक्यांत राहिलें. मीं पुष्कळ विनविलें. त्यानें घड्याळ दाखवून पाठ फिरविली. पायथा गांठला तेव्हां दिवे लागले होते, आणि माझे हातमोजे लाकडासारखे ताठ झाले होते.