सेरेंगेटीचे धडे, उसाच्या फडासाठी

रात्री दहा-साडेदहाचा सुमार. राहाता तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर शेतीपंपाची वीज यायला अजून तास-दीड तास असतो. पेरूच्या बागेला पाणी द्यायचे म्हणून जागे राहणे भाग असते, आणि उसाच्या कडेने मोटरीपर्यंत एकट्याने जायची भीतीही असते. परवाच बांधावर ठसे दिसलेले असतात. अशा वेळी हातातल्या मोबाइलवर टांझानियातल्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानातले एखादे छायाचित्र उघडता येते. उंच वाळले गवत, मागे बाभळीसारखे झाड आणि कोपऱ्यात अर्धेच आलेले ठिपकेदार अंग. खाली प्रश्न असतात: प्राणी कोणता? किती आहेत? उभा आहे, चालतो आहे की खातो आहे? सोबत पिल्लू आहे का?

शिर्डीच्या शिवारात बसून आफ्रिकेतले प्राणी ओळखण्यात काय हशील, असे कोणी विचारील. उत्तर थोडे लांबचे आहे, पण ते शेवटी याच बांधावर येऊन पोहोचते.

‘झूनिव्हर्स’ या संकेतस्थळावर डिसेंबर २०१२ मध्ये ‘स्नॅपशॉट सेरेंगेटी’ हा प्रकल्प खुला झाला. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या अलेक्झांड्रा स्वॉन्सन आणि सहकाऱ्यांनी सेरेंगेटीत ११२५ चौरस किलोमीटरवर २२५ स्वयंचलित कॅमेरे लावले होते. समोरून ऊब असलेली काही हालचाल झाली की कॅमेरा आपोआप छायाचित्र टिपतो. अडचण अशी झाली की छायाचित्रांचा डोंगर साचला, तो पाहायला माणसे पुरेनात. मग तो जगभरच्या हौशी लोकांपुढे ठेवला. पहिल्या तीन दिवसांतच दीड वर्षाचे साचलेले काम उरकले. पुढे नोंदणी केलेल्या २८ हजारांहून अधिक स्वयंसेवकांनी १ कोटी ८ लाख नोंदी केल्या. यातले बहुतेक जण प्राणिशास्त्रज्ञ नव्हते. तरीही एकच चित्र अनेकांना दाखवून बहुमत घेतल्यावर, तज्ज्ञांच्या उत्तरांशी ते सुमारे ९७ टक्के जुळले. याच छायाचित्रांवर नंतर संगणकाला शिकवले गेले आणि २०१८ मध्ये यंत्रही जवळजवळ तेवढ्याच अचूकपणे प्राणी ओळखू लागले.

शिकणाऱ्याच्या दृष्टीने गंमत वेगळीच आहे. इथे आधी धडा आणि मग परीक्षा असे नसते. पहिल्या दिवशी माणूस चित्त्याला बिबट्या म्हणतो. मग बारकाईने पाहायला लागतो. चित्त्याच्या अंगावर भरीव काळे ठिपके आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत ओघळलेली काळी रेघ. बिबट्याच्या अंगावर ठिपक्यांचे फुलासारखे पुंजके, मान आखूड, अंग भरदार. आपल्याकडे या दोन नावांची गल्लत सर्रास होते. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आठ आणि १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत आणले गेले, तेव्हापासून ती आणखी वाढली असावी. उसात दिसतो तो बिबट्याच. आणि आफ्रिकेच्या छायाचित्रात झाडावर शिकार घेऊन बसलेला दिसतो तोही बिबट्याच, एकाच जातीचा.

इथून आफ्रिका जवळ येऊ लागते. संगमनेरच्या पलीकडे, अकोले तालुक्यात, अगदी याच तंत्राने अभ्यास झाला आहे. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी ऊस आणि भाजीपाल्याच्या खोऱ्यात, वस्त्यांच्या मधोमध कॅमेरे लावले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनी भल्याभल्यांना चकित केले. दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि जवळजवळ तितकीच तरसे. त्याच भागात दर चौरस किलोमीटरला ३५७ माणसे. जंगल नाही, हरणे नाहीत, तरीही हे सगळे तिथेच राहत होते, आणि माणसे बहुतेक वेळा बेखबर होती. कोल्हे, रानमांजरे आणि चिमुकली वाघाटीही कॅमेऱ्यात आली. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरची नक्षी वेगळी असते, आपल्या बोटाच्या ठशासारखी, म्हणून तोच-तोच प्राणी दोनदा मोजला जात नाही. सेरेंगेटीची छायाचित्रे चाळणाऱ्याला ही मोजदाद कशी होते हे सांगावे लागत नाही.

मग हे बिबटे खातात काय? अकोल्यातल्याच विष्ठेच्या अभ्यासातून उत्तर मिळाले. त्यांच्या खाण्यातला ८७ टक्के वाटा पाळीव किंवा गावातल्या प्राण्यांचा होता. त्यात सगळ्यांत मोठा वाटा कुत्र्यांचा, ३९ टक्के. शेळ्या त्या मानाने बऱ्याच कमी, सुमारे ११ टक्के. म्हणजे बिबट्याला गावाकडे ओढणारी गोष्ट बहुधा उकिरड्यावर पोसलेली मोकाट कुत्री असतात. गोठा पक्का बांधून शेळ्या वाचतात, पण कचरा तसाच राहिला तर पाहुण्याचे येणे थांबत नाही. ज्या गावात दररोज हजारो भाविकांची ये-जा आणि खानावळींचे उरलेसुरले अन्न असते, तिथे हे वाक्य जरा जपून वाचायला हवे.

कुत्र्यांचा विषय आला की आरोग्याचा विषय येतोच. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या सुमारे ३५ बिबट्यांविषयी २०१८ मध्ये एक शोधनिबंध आला. ते वर्षाला अंदाजे १५०० मोकाट कुत्री खातात. त्यामुळे सुमारे एक हजार चावे आणि रेबीजचे ९० संभाव्य रुग्ण टळत असावेत, असे त्यात मांडले होते. हा हिशेब आहे, प्रत्यक्ष मोजणी नाही, हे ध्यानात ठेवावे. पण जगातल्या रेबीज-मृत्यूंपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भारतात होतात हे पाहता तो झटकून टाकण्यासारखाही नाही.

याची दुसरी बाजू सेरेंगेटीनेच शिकवली. १९९४ मध्ये तिथल्या सिंहांना झटके येऊ लागले, ते धडपडू लागले, मरू लागले. कारण होते कॅनाइन डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांमध्ये आढळणारा विषाणूजन्य रोग. सेरेंगेटीतल्या सिंहांपैकी सुमारे एक तृतीयांश, म्हणजे जवळपास हजार सिंह दगावले. भोवतालच्या गावांतल्या कुत्र्यांकडे संशयाची सुई वळली आणि त्यानंतर त्या गावांत कुत्र्यांच्या लसीकरणाची मोठी मोहीम सुरू झाली. रेबीजची लस दिल्याने माणसांनाही संरक्षण मिळाले. गुजरातच्या गीरमध्ये २०१८ च्या सप्टेंबरात वीसहून अधिक सिंह एकापाठोपाठ मेले तेव्हा त्याच विषाणूचे नाव पुढे आले आणि लस परदेशातून मागवावी लागली. गावातल्या कुत्र्याला लस टोचणे हे वन्यजीवांचे काम आहे, माणसांच्या दवाखान्याचे आहे आणि जनावरांच्या दवाखान्याचेही आहे.

आता सर्वांत टोचणारा प्रश्न. बिबट्या दिसला की गावाची पहिली मागणी असते, पिंजरा लावा आणि त्याला लांब सोडा. भीती खरी असते. ज्यांच्या घरातले मूल गेले त्यांच्यापुढे आकडेवारी ठेवण्यात अर्थ नसतो. पण जुन्नरचा अनुभव सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथे वर्षाला सरासरी चार हल्ले होत असत. २००१ नंतर बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा धडाका लागला आणि हल्ल्यांची सरासरी वर्षाला १७ वर गेली. रिकामी झालेली जागा नवा बिबट्या घेतो, आणि हलवलेला बिथरलेला, अनोळखी मुलखात भटकतो. याच जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यात, टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत २००९ मध्ये एक बिबट्या पडला होता. त्याला गळ्यात यंत्र बांधून माळशेज घाटात सोडले. संशोधकांनी त्याला ‘आजोबा’ नाव दिले. महिनाभरात तो सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून थेट मुंबईच्या उद्यानात पोहोचला! त्याच्यावर पुढे मराठी चित्रपटही निघाला. पिंजरा कधीच लावू नये असे कोणताही जाणकार म्हणणार नाही, पण प्रत्येक दर्शनाला पिंजरा हे उत्तर नव्हे.

मग उत्तर काय? आफ्रिकेत याच प्रश्नाची उत्तरे शेतकऱ्यांसोबत शोधली गेली आहेत. ऑनलाइन शिकण्याचा खरा लाभ इथे दिसतो. बोत्स्वानातल्या ओकावांगो भागात गाईंच्या पुठ्ठ्यावर मोठे डोळे रंगवून पाहिले. सिंह आणि बिबट्या दबा धरून मारतात. ‘आपल्याला पाहिले’ असे वाटले की बेत सोडतात. चार वर्षांत १४ कळपांतल्या २०६१ गाईंवर हा प्रयोग झाला, त्याचा निबंध २०२० मध्ये आला. डोळे रंगवलेल्या ६८३ गाईंपैकी एकही मारली गेली नाही. नुसती फुली मारलेल्या ५४३ पैकी चार गेल्या, आणि काहीच न रंगवलेल्या ८३५ पैकी पंधरा. ब्रश आणि रंगाचा डबा, एवढाच खर्च. मात्र तो प्रयोग मोकळ्या कुरणातल्या गाईंवर झाला होता, रात्री गोठ्यात बांधलेल्या शेळीवर नव्हे. रोज पाहून सवय झाली तर बिबट्या बधेल का, हाही प्रश्न उरतोच.

नामिबियात ‘चीता कन्झर्वेशन फंड’ १९९४ पासून शेतकऱ्यांना तुर्की वंशाचे थोराड राखणदार कुत्रे देते. कळपाजवळ ते असले की चित्ता फिरकत नाही आणि शेतकऱ्याचा बंदुकीकडे जाणारा हात थांबतो. हे जसेच्या तसे इथे आणता येणार नाही. चित्ता लाजाळू शिकारी, तर आपला बिबट्या कुत्र्यालाच उचलतो. म्हणूनच हिमालयातले मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात. केनियात रिचर्ड ट्युरेरे या शाळकरी मुलाने जुन्या गाडीची बॅटरी आणि लुकलुकणारे दिवे जोडून गोठ्यापासून सिंह दूर ठेवले. असे दिवे शेडभोवती लावायला मोठी विद्या लागत नाही.

ज्यांना नीट शिकायचे आहे त्यांच्यासाठी वाटा बऱ्याच आहेत. ‘झूनिव्हर्स’ फुकट आहे. एखाद्या प्रकल्पातली छायाचित्रे संपली तर दुसरा निवडावा. मोझांबिकमधल्या गोरोंगोसा उद्यानावरचा ‘वाइल्डकॅम गोरोंगोसा’ शाळा-महाविद्यालयांना विशेष उपयोगी. १९७७ ते १९९२ च्या यादवी युद्धात तिथले नव्वद टक्क्यांहून अधिक हत्ती मारले गेले आणि नंतर जन्मलेल्या हत्तिणींमध्ये सुळे नसलेल्यांचे प्रमाण वाढले. उत्क्रांतीचा धडा यापेक्षा ठळक कुठे मिळेल? केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’वर वन्यजीव परिसंस्थेचा अभ्यासक्रम शिकायला पैसे पडत नाहीत, परीक्षा आणि प्रमाणपत्र हवे तर शुल्क भरावे लागते. बहुतेक साहित्य इंग्रजीत आहे, ही मोठी अडचण. आपोआप उमटणारी मराठी उपशीर्षके मदत करतात, पण सिंहांच्या कळपाला ‘अभिमान’ म्हटलेले दिसले तर दचकू नये.

एक सावधगिरी आवश्यक आहे. आफ्रिकेतला वाटाड्या व्हायचे प्रमाणपत्र घरबसल्या मिळेल अशा जाहिराती असतात. दक्षिण आफ्रिकेत वाटाड्याला प्रत्यक्ष रानातली परीक्षा द्यावी लागते. तसेच चित्रफिती पाहून कोणीही बिबट्या पकडायला निघू नये.

ऊसतोड सुरू झाली की या सगळ्याची कसोटी लागते. मादी पिल्ले उसात लपवते आणि कोयता चालता-चालता ती समोर येतात. त्यांना उचलू नये, हाताळू नये, त्यांच्यासोबत मोबाइलवर छायाचित्रे काढत बसू नये. तोड तिथेच थांबवून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. वन विभागाचे पथक पिल्ले तपासून संध्याकाळी त्याच जागी ठेवते आणि आई बहुधा रात्री येऊन त्यांना घेऊन जाते. कोणाला पंजा किंवा दात लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची काही लावू नये. खरचटले असले तरी त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठून रेबीजची लस घ्यावी, आणि जखमेत द्यायचे इम्युनोग्लोब्युलिनही मागून घ्यावे.