घाटावरचा पाऊस, घाटाखालचा पाऊस

महाराष्ट्राचा पाऊस भारतीय हवामान विभाग चार उपविभागांत मोजतो : कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची दीर्घकालीन सरासरी कोकण-गोव्यात सुमारे 2870 मिमी, विदर्भात 940, मध्य महाराष्ट्रात 750 आणि मराठवाड्यात 650 मिमीच्या आसपास आहे. यांतले तीन उपविभाग बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेवर एकमेकांना भिडतात. जिल्हा स्वतः विदर्भात मोडतो, पश्चिमेचा जळगाव मध्य महाराष्ट्रात आणि दक्षिणेचा जालना मराठवाड्यात. त्यामुळे प्रदेशाच्या नावावरून पावसाचा अंदाज बांधण्याची सवय या जिल्ह्यात जितकी फसते, तितकी क्वचितच दुसरीकडे फसत असेल.

गैरसमज : विदर्भ आहे, म्हणजे पाऊस भरपूर

940 मिमी ही सरासरी अकरा जिल्ह्यांची आहे. तिच्यात गडचिरोली आणि गोंदियाचा 1100 मिमीहून अधिक पाऊस येतो, तसाच बुलढाण्याचाही येतो. बुलढाण्याचा पावसाळा साधारण 650 ते 750 मिमीच्या पट्ट्यात राहतो. म्हणजे पावसाच्या हिशेबात हा जिल्हा गडचिरोलीपेक्षा शेजारच्या जालन्याच्या आणि जळगावच्या कितीतरी जवळचा आहे. उपविभागांच्या रेषा जिल्ह्यांच्या सीमा धरून आखलेल्या आहेत. सिंदखेडराजाहून जालन्याकडे जाताना मराठवाडा सुरू होतो, पण आभाळात काही बदल होत नाही.

पूर्व विदर्भात पाऊस अधिक का, याचे उत्तर बंगालच्या उपसागरात आहे. तिथे तयार होणारी कमी दाबाची क्षेत्रे ओडिशा, छत्तीसगडवरून पश्चिम-वायव्येकडे सरकतात. त्यांचा पहिला आणि जोरकस पाऊस पूर्व विदर्भाला मिळतो. पश्चिमेकडे येईपर्यंत त्यांतली बरीच क्षेत्रे विरलेली असतात किंवा उत्तरेला मध्य प्रदेशात वळलेली असतात. बुलढाणा विदर्भाच्या अगदी पश्चिम टोकाला असल्याने त्याच्या वाट्याला उरलेला भाग येतो.

याच्या उलट समजही तितकाच पक्का आहे : समुद्रापासून जितके दूर जावे तितका पाऊस कमी. शाळेत शिकलेला पर्जन्यछायेचा धडा अर्धाच लक्षात राहिला की हा समज होतो. सह्याद्री अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांना वर चढवतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिमीहून अधिक पाऊस पडतो आणि तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या वाईला हजार मिमीही पडत नाही. ही छाया अहिल्यानगर, सोलापूर, बीड या पट्ट्यात सर्वांत गडद असते. तिथून आणखी पूर्वेला गेले की पाऊस पुन्हा वाढू लागतो, कारण बंगालच्या उपसागराचा प्रभाव सुरू होतो. कोकण ते गडचिरोली असा राज्याचा आडवा छेद घेतला, तर पावसाची रेषा आधी एकदम कोसळते, मग सपाट होते आणि शेवटी सावकाश चढते. बुलढाणा या चढाच्या पायथ्याशी आहे.

गैरसमज : जिल्ह्याची सरासरी म्हणजे जिल्ह्याचा पाऊस

बुलढाण्यात कोणालाही गाव विचारले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : घाटावरचे की घाटाखालचे? हवामान समजून घ्यायला हीच विभागणी खरी उपयोगाची आहे. अजिंठ्याची डोंगररांग जिल्ह्याला आडवी छेदते. तिच्यावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगावराजा, सिंदखेडराजा हे पठारी तालुके आहेत. खाली पूर्णा नदीच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद आहेत. मोताळा आणि खामगाव तालुके डोंगराच्या उतरणीवर आहेत. अगदी उत्तरेला सातपुड्याची भिंत उभी आहे.

हा डोंगर पाण्याचाही वाटा करतो. नळगंगा उत्तरेला उतरून पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला आणि तापी अरबी समुद्राला. बुलढाण्याच्याच डोंगरात उगम पावणारी पैनगंगा मात्र आग्नेयेकडे जाते. तिचे पाणी वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागराला पोहोचते. एकाच सरीचे पाणी कड्याच्या दोन बाजूंना पडून दोन वेगळ्या समुद्रांना मिळते.

जिल्ह्याची सरासरी काय काय झाकून टाकते, हे 2023 च्या पावसाळ्याने दाखवले. त्या वर्षीच्या जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सातपुड्याच्या पायथ्याशी मुसळधार पाऊस झाला. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत नद्या-नाले पात्राबाहेर आले, पाणी गावांत शिरले आणि शेतजमिनी खरवडून गेल्या. पुढचा ऑगस्ट 1901 पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ऑक्टोबरच्या अखेरीस राज्य सरकारने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत घाटावरचे बुलढाणा आणि लोणार हे दोन तालुके होते. एकाच जिल्ह्यात, एकाच पावसाळ्यात एका टोकाला पुराचे पंचनामे झाले आणि दुसऱ्या टोकाला दुष्काळ जाहीर झाला. या दोन्हींची बेरीज करून काढलेला सरासरीचा आकडा दोन्हीकडच्या शेतकऱ्यांसाठी निरर्थक आहे.

डोंगराच्या पायथ्याशी असा पाऊस का पडतो? खोऱ्यातून वाहणारा ओला वारा सातपुड्याला अडतो, वर चढतो, थंड होतो आणि थोड्या क्षेत्रावर मोकळा होतो. 1 मिमी पाऊस म्हणजे हेक्टरी 10 हजार लिटर पाणी. दिवसभरात 100 मिमी पडला, तर एका हेक्टरवर 10 लाख लिटर पाणी उतरते. तीव्र उतारावर ते मुरायला वेळच मिळत नाही आणि काही तासांत सगळे खालच्या सपाटीवर येते.

गैरसमज : शंभर टक्के पाऊस झाला, म्हणजे वर्ष चांगले

हवामान विभागाच्या भाषेत सरासरीपेक्षा 19 टक्क्यांपर्यंत कमी किंवा अधिक झालेला पाऊस ‘सामान्य’ ठरतो. 20 टक्के किंवा त्याहून अधिक घट आली, तरच तो ‘अपुरा’ म्हटला जातो. ही वर्गवारी एकूण बेरजेची आहे. बेरीज पूर्ण होऊनही पीक हातचे जाऊ शकते.

बुलढाण्यात पावसाळ्यात पावसाचे म्हणता येतील असे, म्हणजे किमान 2.5 मिमी पावसाचे, दिवस साधारण 40 ते 50 असतात. उरलेले सत्तर-ऐंशी दिवस कोरडेच. हे दिवस विखुरलेले असले, तर सोयाबीन आणि कपाशी तगतात. सोयाबीन फुलोऱ्यात किंवा शेंगा भरण्याच्या वेळी असताना सलग तीन आठवड्यांचा खंड पडला, तर सप्टेंबरातल्या धो-धो पावसाने बेरीज भरून निघते, शेंगा मात्र भरत नाहीत. घाटावरच्या हलक्या, मुरमाड जमिनीत ओल थोडे दिवस टिकते, म्हणून तिथे खंडाचा फटका आधी बसतो. घाटाखालची भारी काळी जमीन ओल धरून ठेवते, पण झड लागली की तिथले पीक चिबडते. सारख्याच मिलिमीटरचा पाऊस वर अपुरा आणि खाली जास्तीचा ठरू शकतो.

कृषी हवामानाच्या नऊ विभागांत बुलढाणा ‘खात्रीच्या पावसाच्या’ विभागात येतो. 700 ते 900 मिमी पावसाच्या पट्ट्याला दिलेले हे नाव आहे आणि ते फसवे आहे. सोलापूर-अहिल्यानगरच्या अवर्षणप्रवण पट्ट्याशी तुलना केली तरच त्यात तथ्य दिसते. पाऊस अमुक आठवड्यात येईलच, अशी खात्री ते देत नाही.

खारपाणपट्ट्याचाही असाच उलगडा करावा लागतो. पूर्णेच्या दोन्ही तीरांवर अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात विहिरींचे पाणी खारे निघते. पाऊस कमी म्हणून पाणी खारे, असे अनेकदा ऐकू येते. खरे कारण जमिनीखाली आहे. गाळाच्या जाड थरात क्षार साठलेले आहेत आणि चिकण मातीतून पाणी खाली झिरपत नसल्याने ते धुऊन निघत नाहीत. पाऊस दीडपट झाला, तरी खोल विहीर गोडी होणार नाही. शेततळ्यात धरलेले पावसाचे पाणी तेवढे गोडे असते.

गैरसमज : विदर्भ म्हणजे सगळीकडे सारखीच होरपळ

उंचीचा साधा हिशेब इथे पुरतो. हवेत दर किलोमीटर चढाला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. बुलढाणा शहर मलकापूरपेक्षा सुमारे 400 मीटर उंचावर आहे. म्हणजे केवळ उंचीमुळे अडीच अंशांचा फरक पडतो. मे महिन्यात घाट चढून आलेल्या माणसाला हा फरक अंगावर कळतो.

गैरसमज : मृग लागला, पाऊस झाला, की पेरावे

सूर्य 7-8 जूनला मृग नक्षत्रात येतो. मोसमी पाऊस बुलढाण्यात पोहोचतो जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, आणि कधी त्याहूनही उशिरा. 2023 मध्ये विदर्भात तो 23 जूनच्या सुमारास दाखल झाला. त्यामुळे मृगाची पहिली सर अनेकदा वळवाचीच असते : दुपारी तापलेल्या हवेतून उठलेले ढग, विजा, तासभराचा मारा आणि मग पुन्हा कोरडे आभाळ. त्या ओलीवर टाकलेले बी उगवते आणि करपते. दुबार पेरणीचा खर्च बहुधा इथूनच सुरू होतो. 75 ते 100 मिमी पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्यावरच पेरावे, हा कृषी विभागाचा सल्ला नक्षत्रापेक्षा पर्जन्यमापकावर उभा आहे.

जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळची घटमांडणी याच काळजीतून जन्मलेली परंपरा आहे. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडून भोवती अठरा प्रकारची धान्ये ठेवली जातात. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांत झालेले बदल पाहून पावसाचे आणि पिकांचे भाकीत सांगितले जाते. ते ऐकायला दूरदूरचे शेतकरी येतात. त्यांची श्रद्धा आणि गरज दोन्ही खऱ्या आहेत. परंतु एका रात्रीत धान्याचे दाणे हलण्याचा आणि बंगालच्या उपसागरात दोन महिन्यांनी तयार होणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्राचा कसलाही भौतिक संबंध नाही. शिवाय ज्या जिल्ह्यात एकाच वर्षी पूर आणि दुष्काळ दोन्ही होतात, तिथे ‘यंदा पाऊस साधारण’ हे भाकीत कुठे ना कुठे खरे ठरणारच. त्यावर बियाणे आणि कर्ज यांचा निर्णय घेऊ नये.

शेवटी एक शब्दांचा घोळ. जोराचा पाऊस झाला की त्याला सर्रास ‘ढगफुटी’ म्हटले जाते. थोड्या क्षेत्रावर एका तासात 100 मिमीच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडला, तरच ती ढगफुटी. ‘अतिवृष्टी’ वेगळी : 24 तासांत 65 मिमीहून अधिक पाऊस झाला की महसूल यंत्रणा तिची नोंद घेते. ही नोंद जिल्ह्याची किंवा तालुक्याची सरासरी पाहून होत नाही, महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावरून होते. म्हणून घाटावर असो वा घाटाखाली, शेतकऱ्याने आपल्या मंडळाचा रोजचा आकडा लिहून ठेवावा.