गार हवेतली ऊब आणि बंद खोलीतली शेगडी

थंडी पडली की दवाखान्यात सर्दी-खोकल्याबरोबर एक प्रश्नही येतो. ‘डॉक्टरसाहेब, पोराने एसी घेतला. तो हिवाळ्यात गरम हवा देतो म्हणे. बाहेर तर हातपाय गारठतात, मग ही ऊब येते कुठून?’ प्रश्न मार्मिक आहे.

उत्तर घरच्या फ्रिजमध्येच आहे. त्याच्या मागच्या किंवा बाजूच्या पत्र्याला हात लावा, गरम लागतो. आतल्या भाजी-दुधातली उष्णता काढून फ्रिज बाहेर टाकीत असतो. ‘हॉट अँड कोल्ड’ एसी हिवाळ्यात हेच करतो. फक्त उष्णता अंगणातून उचलतो आणि खोलीत टाकतो. ५ अंशांच्या हवेतही उष्णता असतेच. यंत्राच्या नळ्यांतला द्रव इतक्या कमी तापमानाला उकळतो, की आपली गार हवा त्याच्या लेखी गरमच. तिची उष्णता घेऊन त्याची वाफ होते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, तशी ती तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक तापते ना, तसेच. खोलीतल्या नळ्यांत ती उष्णता सोडते आणि पुन्हा द्रव होते. यालाच हीट पंप म्हणतात. वीज खर्च होते ती उष्णता वाहून आणण्यापुरती, म्हणून एका युनिटमागे साधारण तीन युनिट उष्णता मिळते. कॉइलच्या हीटरला एकाला एकच. मात्र प्रत्येक एसीत ही सोय नसते, दुकानात विचारून घ्यावे.

डॉक्टर म्हणून मला बिलापेक्षा महत्त्वाचे वाटते ते हे, की खोलीत काहीच जळत नाही. आपला भाग उन्हासाठी प्रसिद्ध. पण २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा रात्री समुद्रपूरकडे शेगडी आत घेऊन दारे लावली जातात. धूर नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण लाल निखाऱ्यातूनच कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. झोपलेल्याला तेही कळत नाही. कोरोनाच्या काळात घरोघरी आलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर येथे फसवते, आकडा ९८ दाखवते. त्यावर विसंबू नका. माणसाला आधी मोकळ्या हवेत आणा आणि लगेच ऑक्सिजनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या.

आपल्याकडची कडक थंडी थोड्या दिवसांची. तेवढ्यासाठी यंत्र विकत घ्या असे मी म्हणणार नाही. गोधडी, कानटोपी आणि पायमोजे पुष्कळांना पुरतात. पण उन्हाळ्यासाठी एसी घेणारच असाल आणि घरात म्हातारी माणसे, तान्हे बाळ किंवा दम्याचा रोगी असेल, तर गरम हवेची सोय असलेला पाहावा. खोली १८-२० अंश ठेवली की पुरे. शेगडीच वापरायची असेल तर खिडकी उघडी ठेवून शेका आणि झोपण्यापूर्वी ती अंगणात नेऊन ठेवा.