चेतातंतूंना वाट कोण दाखवते?

मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूरच्या राजघाटापाशी तापी वाहते. तरीही मुघलकाळात, सतराव्या शतकाच्या आरंभी, या शहरासाठी पाणी आणले गेले ते सातपुड्याच्या पायथ्याकडून, जमिनीखालच्या भुयारातून. ‘कुंडी भंडारा’ या नावाने ही व्यवस्था ओळखली जाते. शंभराहून अधिक विहिरी, म्हणजेच कुंड्या, भुयाराने एकमेकींना जोडलेल्या आहेत. जमिनीच्या पोटात काम करणाऱ्याला शहर दिसत नाही; त्याला पुढची कुंडी गाठायची असते, मग तिच्यापुढची. गर्भात मज्जासंस्था घडत असताना चेतातंतूंचा प्रवास काहीसा असाच टप्प्याटप्प्याने होतो. मात्र तेथे आराखडा हाती घेऊन वर उभा राहणारा कोणी नसतो.

चेतापेशीतून निघालेल्या वाढत्या तंतूच्या टोकाशी पंजासारखा पसरट भाग असतो. स्पेनचे शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८९० मध्ये कोंबडीच्या भ्रूणात त्याचे वर्णन केले. या ‘वृद्धिशंकू’तून बोटांसारखे बारीक धागे सतत पुढे येतात आणि भोवतालची रसायने चाचपतात. काही रसायने त्याला ओढतात, काही दूर लोटतात.

ओढणाऱ्या रसायनांपैकी एक प्रथिन १९९४ मध्ये अमेरिकेत मार्क टेसिए-लाव्हीन यांच्या प्रयोगशाळेने वेगळे केले व त्याचे नाव ‘नेट्रिन’ ठेवले. हे नाव संस्कृत ‘नेतृ’वरून, म्हणजे ‘नेणारा’ या अर्थाने घेतले आहे. मराठीतला ‘नेता’ही त्याच घरचा. मेरुरज्जूच्या मध्यरेषेवरील पेशी नेट्रिन स्रवतात आणि दोन्ही बाजूंचे काही तंतू तिकडे खेचले जातात. पण तेथेच रेंगाळून चालत नाही, पलीकडे जायचे असते. म्हणून मध्यरेषा ओलांडताच तंतूचे टोक ‘रोबो’ नावाच्या ग्राहींमुळे ‘स्लिट’ या प्रथिनाला संवेदनशील होते. स्लिटही मध्यरेषेवरूनच स्रवते. ज्या जागेने बोलावले, तीच आता हाकलून लावते! फळमाशीत रोबो नसेल तर तंतू मध्यरेषेभोवती पुन्हापुन्हा घिरट्या घालतात. ‘राउंडअबाउट’ या मूळ नावाचा उगम तोच.

माणसातही याचे परिणाम दिसतात. ‘रोबो-३’ या जनुकात बिघाड असलेल्या व्यक्तींच्या मेंदूतील काही तंतू मध्यरेषा ओलांडत नाहीत. त्यांना डोळे डावी-उजवीकडे वळवता येत नाहीत आणि पाठीचा कणा वाढत्या वयाबरोबर वाकत जातो. नेट्रिनच्या ग्राहीत दोष असलेल्या काहींचा उजवा हात लिहू लागला की डावाही तशीच हालचाल करतो.

या संशोधनात गोव्याशी नाते असलेले एक नाव आहे. नैरोबीत गोमंतकीय कुटुंबात जन्मलेल्या वेरोनिका रॉड्रिग्ज (१९५३–२०१०) यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांच्या मार्गदर्शनाखाली फळमाशीच्या गंधज्ञानावर काम सुरू केले. माशीच्या शृंगिकेतून निघणारे गंधतंतू मेंदूतील सुमारे ५० ठरावीक गुच्छांत विभागले जातात. तंतूंची टोके या गंधकेंद्रात कोठे विसावतात, हे ठरवण्यात रोबो ग्राहींचा वाटा असल्याचे त्यांनी व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले.

प्रौढ शरीरात मात्र ही किमया सहजी पुन्हा घडत नाही. हातातील तुटलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढू शकते. मेरुरज्जूत तुटलेल्या तंतूंसमोर मज्जावरणातील अवरोधक प्रथिने आणि जखमेचा व्रण उभे राहतात. शिवाय त्या तंतूंची वाढण्याची स्वतःची क्षमताही ओसरलेली असते. अपघातात कणा मोडलेल्या रुग्णाचे पाय म्हणूनच कायमचे लुळे पडू शकतात. संशोधक हे अडथळे दूर करण्याचा प्रयत्न करत आहेत. पण तंतू वाढवणे हे अर्धेच काम. चेहऱ्याची नस दुखावल्यानंतर बरी होताना लाळग्रंथीकडे जाणारे तंतू कधी अश्रुग्रंथीकडे वळतात, आणि अशा रुग्णाच्या डोळ्यांत जेवणाचा घास घेताच पाणी येते.