छत्रीवाली अमेलिया आणि इजिप्तमधली खापरे

रहस्यकथेत खून झाला की तपास करणारा सर्वांना आधी एकच गोष्ट बजावतो: कशालाही हात लावू नका. उत्खननाच्या जागी जाणता पुरातत्त्वज्ञही हेच बजावतो. सुरी मृताच्या उजव्या हाताशी होती की डाव्या, यावर जसा एखाद्याचा जीव अवलंबून असतो, तसा एखादा मणी थडग्याच्या आत होता की बाहेरच्या मातीत, यावर एखाद्या राजाचा काळ अवलंबून असतो. दोघेही मुक्या वस्तूंची साक्ष काढतात आणि वस्तू जागची हलली की दोघांचाही खटला कमकुवत होतो. हे साम्य अनेकांच्या लक्षात आले असेल. पण त्यावर वीस कादंबऱ्यांची मालिका रचली ती बार्बरा मर्ट्झ या अमेरिकन इजिप्तविद बाईंनी, एलिझाबेथ पीटर्स या टोपणनावाने.

मालिकेची नायिका अमेलिया पीबॉडी. पहिली कादंबरी 'क्रोकोडाइल ऑन द सँडबँक' १९७५ साली आली. तिचे नाव एका प्राचीन इजिप्शियन प्रेमकवितेवरून घेतलेले आहे. त्या कवितेत प्रियकर आणि प्रेयसी यांच्यामध्ये नदी असते आणि वाळूच्या दांड्यावर मगर. कथा सुरू होते १८८४ मध्ये. बत्तीस वर्षांची, अविवाहित, वडिलांच्या पश्चात मोठ्या संपत्तीची मालकीण झालेली अमेलिया इंग्लंड सोडते, रोममध्ये तिला एव्हलिन ही निराधार तरुणी भेटते, दोघी मिळून नाईल नदीवर नाव भाड्याने घेतात आणि तेल अल-अमार्नाच्या उत्खननावर जाऊन पोचतात. तिथे रॅडक्लिफ इमर्सन हा तापट संशोधक आहे. पुढे तो अमेलियाचा नवरा होतो. त्यांच्या मुलाचे टोपणनाव रामसेस. दर हंगामात नवे उत्खनन, नवे प्रेत आणि अमेलियाच्या हातात तीच दणकट छत्री. मालिकेतील काळ १९२२-२३ पर्यंत, म्हणजे तुतनखामेनच्या थडग्याच्या शोधापर्यंत येतो. शेवटची कादंबरी 'द पेंटेड क्वीन' मर्ट्झबाईंच्या निधनानंतर चार वर्षांनी, २०१७ मध्ये, जोन हेस या लेखिकेने पूर्ण करून प्रसिद्ध झाली.

मी या कादंबऱ्यांकडे वळलो तो खुनी शोधायला नव्हे. त्यांतला इतिहास किती खरा, आणि तो कोणाचा इतिहास, हे मला पाहायचे होते. त्यासाठी आधी लेखिकेकडे पाहायला हवे.

बार्बरा मर्ट्झ यांचा जन्म १९२७ चा. शिकागो विद्यापीठाच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटमधून त्यांनी १९५२ मध्ये इजिप्तविद्येत डॉक्टरेट मिळवली. ही त्या विषयातली जगातील नामांकित संस्था. पण पदवी मिळाली तरी काम मिळाले नाही. युद्धानंतरच्या अमेरिकेत बाईने नोकरी पुरुषासाठी सोडून घरी परतावे, अशी हवा होती. हिच्या नोकरीची चिंता नको, ही लग्न करेल, असे आपल्याच प्राध्यापकांचे बोलणे कानावर पडल्याचे त्यांनी पुढे सांगितले आहे. लग्न झाले, दोन मुले झाली. त्यांनी सामान्य वाचकांसाठी प्राचीन इजिप्तवर दोन पुस्तके लिहिली: १९६४ मध्ये राजकीय इतिहासाचे आणि १९६६ मध्ये लोकजीवनाचे. मग त्या कादंबरीकडे वळल्या. एलिझाबेथ आणि पीटर ही त्यांच्या मुलांची नावे. त्यांतूनच टोपणनाव आले. विद्यापीठाने ज्या बाईला उत्खननाची जागा दिली नाही, तिने कागदावर स्वतःचे उत्खनन सुरू केले आणि ते पस्तीस वर्षे चालवले.

अमेलियामागची खरी बाई शोधायला फार लांब जावे लागत नाही. अमेलिया एडवर्ड्स (१८३१-१८९२) या इंग्लंडमधल्या लोकप्रिय कादंबरीकार. फ्रान्समध्ये पावसाने सहल बिघडली, म्हणून त्या ऊन शोधत इजिप्तला गेल्या आणि १८७३-७४ च्या हिवाळ्यात नावेने अबू सिंबेलपर्यंत पोचल्या. त्यांच्या नावेचे नाव 'फिले'. कादंबरीतल्या अमेलियाच्या नावेचेही तेच. अबू सिंबेलला रामसेसच्या प्रचंड पुतळ्याच्या चेहऱ्यावर पूर्वी कोणी साचा घेताना राहिलेले चुन्याचे पांढरे डाग होते. एडवर्ड्सबाईंनी खलाशांना वर चढवून ते खरवडून काढायला लावले आणि उरलेले डाग कॉफीने रंगवून दगडाशी मिळते केले! आज कोणी असे केले तर त्याला हाकलून देतील. पण एडवर्ड्सबाई तिथे थांबल्या नाहीत. परत येऊन त्यांनी 'अ थाउजंड माइल्स अप द नाईल' हे प्रवासवर्णन लिहिले (१८७७) आणि लूट थांबवून शास्त्रीय उत्खनन व्हावे म्हणून १८८२ मध्ये इजिप्त एक्स्प्लोरेशन फंड या संस्थेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. मृत्युपत्राने त्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजला इजिप्तविद्येच्या अध्यासनासाठी पैसा ठेवला. हेच कॉलेज निवडण्याला अर्थ होता: १८७८ पासून तिथे स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पदवी मिळत होती. त्या अध्यासनावर पहिले बसले ते त्यांच्या मनातलेच फ्लिंडर्स पेट्री.

इमर्सन हे पात्र बरेचसे या पेट्रींवरून उचलले आहे. पेट्री १८८० मध्ये ग्रेट पिरॅमिड मोजायला इजिप्तला गेले. प्रवाशांचा उपद्रव टाळण्यासाठी ते गुलाबी अंतर्वस्त्रांवरच काम करत, म्हणजे सभ्य बायका लांबूनच परत फिरत. पण त्यांचे मोठेपण या विक्षिप्तपणात नाही, खापरांत आहे. त्यांच्या आधीचे लोक पुतळे आणि सोने उचलत आणि फुटकी मडकी फेकून देत. नकादा परिसरातल्या राजवंशपूर्व थडग्यांत एकही लेख नव्हता, तेव्हा काळ ठरवायचा कसा? पेट्रींनी मडक्यांच्या कडेच्या नागमोडी मुठी पाहिल्या. सुरुवातीच्या मडक्यांत मूठ पकडण्याजोगी होती. पुढे ती नुसती शोभेची कड झाली. शेवटी तिची केवळ एक रेघ उरली. ही उतरंड लावली की कोणते थडगे आधीचे आणि कोणते नंतरचे, ते सांगता येते. राजाचे नाव नसताना, सालाचा आकडा नसताना, केवळ मडक्याच्या मुठीवरून! कोणत्याही गुप्तहेराने हेवा करावा असा हा तपास आहे. कादंबरीत इमर्सन ममी आणि दागिने यांच्यामागे धावणाऱ्यांवर खेकसतो आणि खापरे गोळा करतो, ते या पार्श्वभूमीवर वाचायला हवे.

मर्ट्झबाई खऱ्या घटना कशा वापरतात, याचे उदाहरण पहिल्याच कादंबरीत आहे. तिथे अमार्नाला चितारलेली जमीन सापडते. अशी जमीन खरोखर सापडली होती: १८९१-९२ च्या हंगामात, पेट्रींना, अखेनातेनच्या राजवाड्यात. दलदलीतली झुडपे, उडणारी बदके, उधळलेली वासरे. रंग निघू नयेत म्हणून पेट्रींनी तिच्यावर टॅपिओकाची पातळ पेज चढवली, ब्रश टेकवला तरी पृष्ठभाग सुटेल म्हणून चक्क बोटाने. लेखिकेने हा शोध सहा-सात वर्षे आधी ओढला आहे, पण शोधाचे मोल आणि तो जपण्याची धडपड तशीच ठेवली आहे. खऱ्या जमिनीचा शेवट मात्र कुठल्याही गूढकथेपेक्षा विचार करायला लावणारा आहे. ती पाहायला येणारे प्रवासी एका शेतकऱ्याचे पीक तुडवत. १९१२ मध्ये त्याने वैतागून ती जमीनच फोडून टाकली. वाचलेले तुकडे कैरोच्या संग्रहालयात आहेत. या प्रकरणात गुन्हेगार कोण? कुदळ चालवणारा शेतकरी, हे उत्तर सोपे आहे. पण शेतातून वाट पाडणाऱ्यांचे काय?

अमेलियासारख्या बायका तेव्हा खरोखर होत्या का, की ही विसाव्या शतकातल्या लेखिकेची इच्छापूर्ती? होत्या. मार्गारेट बेन्सन यांना १८९५ मध्ये कर्नाकच्या म्यूट देवीच्या मंदिरात उत्खननाचा परवाना मिळाला. इजिप्तमध्ये स्वतःच्या नावावर परवाना मिळवणारी ती पहिली स्त्री. हिल्डा पेट्री नवऱ्याच्या बरोबरीने खड्ड्यांत उतरत, नकला उतरवत, पैसे उभे करत. आणि मार्गारेट मरे. या आपल्या कोलकात्यात १८६३ मध्ये जन्मल्या आणि शंभर वर्षे जगल्या. १८९८ पासून त्यांनी युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकवायला सुरुवात केली. पेट्री हिवाळाभर इजिप्तमध्ये असत. त्या काळात लंडनमध्ये वर्ग मरेबाई चालवत. एका अख्ख्या पिढीला चित्रलिपी आणि उत्खननाची शिस्त त्यांनी शिकवली. पेट्रींचे नाव सर्वांना ठाऊक असते, मरेबाईंचे जाणकारांनाच. कादंबरीतली अमेलिया मात्र स्वतःची रोजनिशी स्वतः लिहिते, आणि श्रेय कोणाला द्यायचे ते तीच ठरवते. आणखी एक बारकावा: विवाहित स्त्रीची मालमत्ता तिचीच राहील, असा कायदा इंग्लंडमध्ये १८८२ मध्ये झाला. कथा त्यानंतर दोन वर्षांनी सुरू होते. लग्नानंतरही अमेलियाची पैशाची थैली अमेलियाच्याच हातात राहते, ती या कायद्यामुळे. हे साल सहज निवडले गेले असेल, असे मला वाटत नाही.

मालिकेत प्रेते पुष्कळ पडतात, पण लेखिकेला खरा संताप येतो तो दुसऱ्याच गुन्ह्याचा. जानेवारी १९०७ मध्ये थिओडोर डेव्हिस या अमेरिकन धनिकाच्या पैशाने राजांच्या दरीत एक थडगे उघडले गेले. आज ते क्रमांक ५५ म्हणून ओळखले जाते. आत सोन्याने मढवलेली देव्हाऱ्याची फळकुटे, नाव खरवडलेली शवपेटी आणि एक देह. राणी तीये सापडली, असे डेव्हिसने जाहीर केले. हाडे तपासली तर ती पुरुषाची निघाली. तो अखेनातेन होता की स्मेंखकारे, हा वाद शतकभर रंगला, कारण काय कुठे पडले होते याची नोंदच धडपणे ठेवली गेली नाही. 'द एप हू गार्ड्स द बॅलन्स' या कादंबरीत हे थडगे उघडले जाताना इमर्सन कुटुंब जवळच असते आणि डोळ्यांदेखत पुरावा नासताना पाहून हात चोळत बसते. खुनाचा उलगडा शेवटच्या प्रकरणात होतो. या गुन्ह्याचा होत नाही. तो उलगडणे कादंबरीकाराच्या हातात नाही आणि मर्ट्झबाई तसा आवही आणत नाहीत.

आता या मालिकेची दुखरी बाजू. १८८२ पासून इजिप्त इंग्रजांच्या ताब्यात होता, आणि पुराणवस्तू खाते फ्रेंचांच्या. खोदणारे हात मात्र इजिप्शियन होते. पेट्रींनी १८९३-९४ मध्ये कुफ्त गावच्या माणसांना तयार केले. त्यांच्यातून उत्खननाचे कसबी कामगार आणि मुकादम पिढ्यान्‌पिढ्या तयार होत राहिले. सापडलेल्या वस्तूबद्दल पेट्री बाजारभावाने बक्षिसी देत, म्हणजे ती दलालाकडे जाऊ नये. कादंबरीत या लोकांचा प्रतिनिधी म्हणजे मुकादम अब्दुल्ला. तो शहाणा, मानी आणि विनोदाची जाण असलेला आहे. मालिकेतल्या उत्तम पात्रांपैकी एक. पण तो अमेलियाला वाचवताना स्वतः गोळी खातो आणि पुढे तिच्या स्वप्नात येऊन सल्ले देतो. साहेबासाठी प्राण देणारा इमानी नोकर आपल्या ओळखीचा आहे. इंग्रजांच्या हिंदुस्थानावरच्या गोष्टींत तो पानोपानी भेटतो. गावकऱ्यांना औषधे वाटून 'सिट हकीम' म्हणवून घेणारी अमेलियाही त्याच साच्यातली.

लेखिकेला याचे भान होते, असे मला पुढच्या कादंबऱ्यांवरून वाटते. अब्दुल्लाचा नातू डेव्हिड शिकतो, चित्रकार होतो, इमर्सन घराण्यातल्या मुलीशी लग्न करतो. हे लग्न ठरताना स्वतःला उदार समजणारी अमेलियाच आधी अडखळते, आणि ते तिच्याच रोजनिशीत वाचायला मिळते. डेव्हिड राष्ट्रीय चळवळीकडे ओढला जातो. 'द फाल्कन अ‍ॅट द पोर्टल'मध्ये बनावट पुराणवस्तू विकल्याचा संशय आधी त्याच्यावर येतो. इथे रोजनिशीचा घाट कामी येतो. अमेलिया जे लिहिते ते सगळेच खरे नसते. तिची बढाई, तिचे पूर्वग्रह ओळींमधून डोकावतात, आणि वाचक तिच्यापेक्षा चार पावले पुढे जाऊन पाहू शकतो. १९९७ च्या 'सीइंग अ लार्ज कॅट'पासून तर लेखिकेने 'हस्तलिखित एच' नावाचा दुसरा दस्तऐवज आणला. त्यात घडामोडी रामसेसच्या बाजूने दिसतात आणि आईच्या साक्षीला मुलाची उलटतपासणी मिळते. अब्दुल्लाच्या घरातून लिहिलेले तिसरे हस्तलिखित मात्र या मालिकेत नाही. त्या काळातही अहमद कमाल यांच्यासारखे इजिप्शियन इजिप्तविद काम करत होते, हे लक्षात घेतले की ती उणीव अधिकच जाणवते.

तरीही या पुस्तकांचे ऋण मी मानतो. डेव्हिसचे थडगे किंवा पेट्रींची मडकी यांविषयी कोरडी टिपणे ग्रंथालयात होतीच; पण पुरावा नासणे हा गुन्हा आहे, आणि त्याला मुदतीची सवलत नाही, हे लाखो वाचकांच्या मनावर ठसवले ते या करमणुकीच्या कादंबऱ्यांनी. अमेरिकेच्या रहस्यलेखक संघाने १९९८ मध्ये मर्ट्झबाईंना 'ग्रँड मास्टर' हा आपला सर्वोच्च मान दिला. विद्यापीठातली नोकरी त्यांना कधीच मिळाली नाही. ज्यांना सुरुवात करायची असेल त्यांनी पहिल्या कादंबरीपासून करावी, आणि खून कोणी केला हे कळल्यावर पुस्तक लगेच मिटू नये. मागे वळून एकदा पाहावे: उत्खननाच्या त्या जागी कोण कोण हजर होते, आणि त्यांपैकी कोणाचे नाव अहवालात आले.