घोडा बुजतो तेव्हा

मंडळाची सहल यंदा इंदूरहून माथेरानला गेली होती. तिथे मोटारींना बंदी असल्याने दस्तुरी नाक्यावर गाड्या ठेवल्या आणि आमच्यापैकी काही जण घोड्यांवरून निघाले. लाल मातीची वाट, दोन्ही बाजूंना झाडी. एका वळणावर मागच्या कुणीतरी वेफर्सचे पाकीट फोडले, त्याच क्षणी झाडीतून माकडाने उडी मारली. पुढचा घोडा झटकन बाजूला सरकला आणि आमच्या एक काकू खाली आल्या.

त्यानंतर आम्ही केले ते जवळजवळ सगळेच चुकले. दोघांनी दंडाला धरून त्यांना उठवले, पाणी पाजले आणि "काही झालं नाही" म्हणत चालवत नेले. रात्री डोके दुखू लागले, उलटी झाली. काकू रक्त पातळ करणारी गोळी रोज घेतात, हे तेव्हा आठवले. रुग्णालयात डोक्याची तपासणी झाली. सुदैवाने आत रक्तस्राव नव्हता, पण मनगटाचे हाड मोडले होते. आता त्या बऱ्या आहेत. "माझं झालं ते झालं, पण पुढच्यांना नीट सांगा," असे त्यांनीच बजावले, म्हणून हा लेख.

बुजणे म्हणजे खोडी नव्हे

होळकरांच्या फौजेबरोबर आलेल्यांचे आपण वंशज. पागनीसपागेचा पत्ता आपण सहज सांगतो, पण पागेतले शब्द आता बोलण्यापुरतेच उरले आहेत. घोडा बुजणे आणि घोडा उधळणे यांत फरक आहे. बुजणे म्हणजे दचकून थबकणे किंवा एकदम बाजूला उडी घेणे. उधळणे म्हणजे आवरेनासा होऊन धावत सुटणे. बुजलेला घोडा सावरला नाही, तर तो उधळतो.

घोडा हा शिकाऱ्यापासून पळून जीव वाचवणारा प्राणी. आधी पळायचे, मग बघायचे, हा त्याचा स्वभाव. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ ३५० अंशांतले दिसते. मात्र कपाळाच्या अगदी समोरचे आणि शेपटीच्या थेट मागचे दिसत नाही. कान तो वेगवेगळ्या दिशांना फिरवू शकतो, त्यामुळे आपल्याला न जाणवणारी खसफसही त्याला ऐकू येते. कडक उन्हातून दाट सावलीत शिरताना त्याच्या डोळ्यांना सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. अशा वेळी उघडलेली छत्री, फडफडणारी ओढणी, प्लास्टिकची पिशवी पुरेशी होते. कळपातला प्राणी असल्याने एक बुजला की मागचेही बुजतात. त्या दिवशी घोड्याचे काही चुकले नाही आणि घोडेवाल्याचेही नाही.

बसण्यापूर्वी

हेल्मेट मागून घ्यावे. आकाराने बरोबर आणि पट्टा बांधलेले असावे. चपला नकोत. थोडी टाच असलेला बंद बूट हवा, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जात नाही. रिकिबीत फक्त चवडा ठेवावा, टाच खाली दाबलेली. पडण्यापेक्षाही भयंकर काय, तर पाय रिकिबीत अडकून फरफटत जाणे. खोगिराचा तंग घट्ट आहे ना, हे घोडेवाल्याला पुन्हा बघायला सांगावे. ओढणी, पदर खोचून घ्यावा. मोबाइल खिशात ठेवावा. गुडघे किंवा पाठ दुखणाऱ्यांनी, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी घोड्याचा हट्ट धरू नये. अमन लॉजहून छोटी गाडी आहे, ई-रिक्षाही आहेत.

बुजला तर

ओरडू नये. पायांनी पोट आवळू नये, कारण घोड्याला तो 'चल' असा इशारा वाटतो. खोगिराचा पुढचा भाग किंवा आयाळ धरावी, मागे रेलून जड बसावे, घोडेवाल्याला घोडा आवरू द्यावा. बाकीच्यांनी आपापल्या जागी थांबावे. मागून धावत जाऊ नये.

पडणे अटळच झाले, तर पाय रिकिबीतून मोकळे करावेत आणि लगाम सोडून द्यावा. हनुवटी छातीशी, हात अंगाशी घेऊन घोड्यापासून दूर लोळावे. तळहात टेकून पडणे टाळावे. काकूंचे मनगट असेच मोडले. हे ऐन वेळी आठवतेच असे नाही. म्हणून बसण्यापूर्वी एकदा मनात घोकावे.

पडल्यानंतर

पडलेल्याला लगेच उठवू नये. आधी नाव, जागा विचारावी. मान किंवा पाठ दुखते का, हातापायांना मुंग्या येतात का, हे पाहावे. तसे असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर मान न हलवता तसेच ठेवून १०८ ला फोन करावा. श्वास नीट चालू असेल, तर हेल्मेट ओढून काढू नये.

उठून चालता आले म्हणजे धोका टळला असे नाही. पुढचे एक-दोन दिवस सोबतीला कुणीतरी असावे. वाढती डोकेदुखी, उलटी, गुंगी, बोलण्यात गडबड दिसली, तर तडक रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी डोक्याला मार लागल्यास लक्षणांची वाटच पाहू नये. खरचटल्यास जखम साबण-पाण्याने धुवावी. घोड्याच्या लिदीत आणि मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. शेवटचे इंजेक्शन ५ वर्षांपेक्षा जुने असेल, तर डॉक्टरांना विचारून पुन्हा घ्यावे.

पुढच्या सहलीपासून प्रत्येकाच्या नावापुढे रोजची औषधे, रक्तगट आणि घरचा फोन नंबर असलेली यादी आम्ही सोबत ठेवणार आहोत. नाव नोंदवताना ही माहिती जरूर द्यावी. घोड्यावर बसायची हौस जरूर करावी. काकूही पुन्हा बसणार आहेत, पण हेल्मेट घालून.