लिनक्सचा फोन आणि निपाणीचा ग्रुप

निपाणीहून कागलकडे निघालं की कोगनोळीचा टोलनाका लागतो. तो ओलांडला की थोड्याच वेळात खिशातला फोन थरथरतो: महाराष्ट्रात आपलं स्वागत आहे. येताना कर्नाटकाचं स्वागत. सीमेलगतच्या काही घरांत तर परसात उभं राहिलं की एक राज्य आणि सोप्यात येऊन बसलं की दुसरं, असा प्रकार चालतो. रोमिंगचे पैसे कापले जायचे तेव्हा आमच्याकडची माणसं या मेसेजवर चिडायची. आता पैसे कापत नाहीत, त्यामुळे कुणी तो वाचतही नाही. पण त्यात एक गोष्ट उघड आहे. कुठलंही ॲप न उघडता, कुणाला फोन न लावता, आपण कुठं आहोत हे कुणाला तरी कळलेलं असतं.

हे आधी सांगायचं कारण म्हणजे मला दरवर्षी हमखास विचारला जाणारा एक प्रश्न. मी बेळगावात इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवतो. दर बॅचमध्ये एक-दोघं असे निघतात, जे वर्ग संपल्यावर रेंगाळतात आणि हळूच म्हणतात, "सर, लिनक्सचा फोन घेतला तर आपलं बोलणं कुणालाच कळणार नाही ना?" मी म्हणतो, टॉवरला कळणारच. सिमकार्ड घातलं की फोन अँड्रॉइडचा असो, आयफोन असो की लिनक्सचा, तो टॉवरला हजेरी देतोच. मुलांचा चेहरा उतरतो. पण खरी मजेची चर्चा त्यानंतरच सुरू होते.

आपल्या घरांत पूर्वी पोस्टकार्ड यायची. पोस्टमन ती वाचायचा, त्यात लपवण्यासारखं काही नाही असं सगळे धरून चालायचे. लग्नाच्या बोलण्यातली देण्याघेण्याची गोष्ट मात्र अंतर्देशीय पत्रात किंवा पाकिटात जायची. एप्रिल २०१६ मध्ये व्हॉट्सॲपनं सगळ्यांच्या संदेशांना एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शन लावलं, तेव्हा आपली पोस्टकार्डं रातोरात पाकिटात गेली. हे पाकीट भक्कम आहे. सिग्नल या ॲपनं बनवलेलीच पद्धत व्हॉट्सॲप वापरतं, आणि मधल्या मध्ये ते फोडून वाचणं कंपनीलाही जमत नाही. त्या बाबतीत उगाच भीती घालणाऱ्या फॉरवर्डवर विश्वास ठेवू नका.

पण पाकिटावर पत्ता असतो, शिक्का असतो, तारीख असते. कोण कुणाला, किती वाजता, किती वेळा लिहितं आणि कोणकोणत्या ग्रुपात आहे, ही माहिती पाकिटाच्या बाहेरची. आतलं पत्र न वाचताही या शिक्क्यांवरून घरात आजारपण आहे की लग्न ठरतंय, याचा अंदाज बांधता येतो. व्हॉट्सॲप २०१४ पासून फेसबुकच्या मालकीचं आहे. जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी नवं धोरण आणलं, तेव्हा याच बाहेरच्या माहितीवरून गदारोळ झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं त्या प्रकरणात मेटाला २१३ कोटींहून अधिक दंड ठोठावला आणि मामला अपिलात गेला. याच्या उलट उदाहरण सिग्नलचं. २०१६ मध्ये अमेरिकेत कोर्टाचा हुकूम आला तेव्हा त्यांच्याकडे द्यायला दोनच गोष्टी निघाल्या: खातं कधी उघडलं आणि ते शेवटचं कधी जोडलं गेलं. जे साठवलंच नाही, ते देणार कुठून?

आता तिसरी गोष्ट, ती म्हणजे पत्र जिथं उघडून वाचलं जातं ते घर. म्हणजे फोन. २०१९ मध्ये पेगॅसस प्रकरण बाहेर आलं. जगभरातल्या सुमारे १,४०० फोनांवर हल्ला झाल्याचं खुद्द व्हॉट्सॲपनं सांगितलं आणि त्यात भारतातले पत्रकार व वकीलही होते. पाकीट कुणी फोडलं नव्हतं. चोर घरात शिरला होता. डिसेंबर २०२३ मध्ये आणखी एक गोष्ट उजेडात आली. नवा संदेश आला हे सांगणारी जी सूचना फोनवर टुणकन वाजते, ती बहुतेक वेळा गुगल किंवा ॲपलच्या सर्व्हरवरून येते, आणि त्या नोंदी सरकारं मागवत होती. ॲप कितीही सज्जन असलं तरी जमीन दुसऱ्याची आहे, हे अनेकांना तेव्हा पहिल्यांदा समजलं.

लिनक्सचा फोन ही जमीन आपल्या नावावर करून घेण्याची धडपड आहे. तसं पाहिलं तर अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सच आहे, पण वरचा वाडा गुगलचा. लिनक्स फोनवर गुगलचं खातं लागत नाही, जाहिरातीसाठी तुमची वही लिहिणारं कुणी आत बसलेलं नसतं आणि बराचसा कोड कुणालाही वाचता येतो. लिब्रेम ५ या फोनच्या कडेला तीन बटणं आहेत: एक मोबाइल नेटवर्कचं, एक वायफाय-ब्लूटूथचं, एक कॅमेरा-माइकचं. बंद केलं की वीजच तुटते. पाइनफोनमध्ये असेच बारीक खटके मागच्या झाकणाखाली आहेत. कोगनोळीच्या टोलनाक्यावर स्वागताचा मेसेज नको असेल, तर उपाय इतकाच. मग फोनही येणार नाही, हे ओघानं आलंच.

हे फोन परदेशी हौशी मंडळींचं खेळणं आहे, असं मुलांना वाटतं. तसं नाही. २०१४ मध्ये इंटेक्सनं फायरफॉक्स ओएसवरचा क्लाउड एफएक्स १,९९९ रुपयांना आपल्याकडे विकायला काढला होता. २०१६ मध्ये त्याच इंटेक्सचा सेलफिश ओएसवरचा ॲक्वा फिश ५,४९९ रुपयांना आला. दोन्ही टिकले नाहीत. टिकला तो २०१७ चा जिओफोन. त्याच्यावरचं कायओएस हे त्या बंद पडलेल्या फायरफॉक्स ओएसचंच पोर, म्हणजे कूळ लिनक्सचंच. आणि सप्टेंबर २०१८ मध्ये त्यावर व्हॉट्सॲप आलं. माझ्या मते आपल्याकडच्या लिनक्स फोनांचा सगळा इतिहास या एका वाक्यात आहे. फोन किती चांगला आहे हे नंतर. त्यावर घरचा ग्रुप चालतो का, हे आधी.

मी स्वतः घरात पडून असलेल्या एका जुन्या अँड्रॉइड फोनवर उबुंटू टच चढवलं. कॅनोनिकल कंपनीनं ते २०१७ मध्ये सोडून दिलं आणि यूबीपोर्ट्स नावाच्या स्वयंसेवकांनी उचललं. फोन लागतो, मेसेज येतात, मराठी नीट दिसते. गाणी, नकाशा, फोटो ठीक. व्हॉट्सॲप मात्र नाही. लिनक्स फोनसाठी ते बनवलेलंच नाही. ब्राउझरमध्ये व्हॉट्सॲप वेब उघडून काम भागवता येतं, पण त्यासाठी मूळ खातं अँड्रॉइड किंवा आयफोनवर हवं आणि १४ दिवसांत एकदा तरी तो फोन चालू करावा लागतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर दूरसंचार विभागानं निर्देश काढले, की अशी ॲप सिमकार्डाशी कायम बांधलेली हवीत आणि वेबवरचं लॉगिन दर सहा तासांनी सुटलं पाहिजे. सायबर ठगांना आवर घालायला हे केलं आहे आणि ठगी वाढलीय हे खरंच. पण माझ्यासारख्याच्या खिशात त्यामुळे दुसरा फोन कायमचा मुक्कामाला येतो.

सिग्नलचंही तसंच, खातं उघडायला त्यालाही अँड्रॉइड किंवा आयफोनच लागतो. टेलिग्राम लिनक्सवर छान चालतं, पण त्यातल्या नेहमीच्या गप्पा एन्ड-टू-एन्ड बंद नसतात, हे पुष्कळांना ठाऊकच नाही. त्यासाठी वेगळं सीक्रेट चॅट सुरू करावं लागतं. बँक आणि यूपीआयची ॲप विसरा. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. काही लिनक्स फोनांवर एका ॲपला दुसऱ्याच्या फायली सहज वाचता येतात. अँड्रॉइड प्रत्येक ॲपला वेगळ्या खोलीत कोंडतं. मालकी आपली असणं आणि कुलूप भक्कम असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता निपाणीचा ग्रुप. माझ्या आजोळचा हा ग्रुप साठेक जणांचा आहे: निपाणी, चिकोडी, बेळगाव, कोल्हापूर, पुणे आणि दोन पोरी जर्मनीत. त्यात सकाळची फुलं असतात, तंबाखूचे दर असतात, बारशाचे फोटो असतात, कुणाच्या ऑपरेशनचा रिपोर्ट असतो आणि हो, शेताच्या उताऱ्याचा फोटोही असतो. सीमाभागात शाळा, फलक, सरकारी कागद यांतून मराठी आटत चालली असताना रोज मराठीत लिहिलं-वाचलं जाण्याची आमच्या घरातली ही सगळ्यात मोठी जागा आहे. "व्हॉट्सॲप सोडा" असं पुण्यातल्या सभेत म्हणणं सोपं आहे. आत्याला सांगून पाहा.

आणि या ग्रुपला जोखीमही आहे. ६ डिसेंबर २०२२ रोजी हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, तेव्हा त्या दोन दिवसांत किती व्हिडिओ फिरले असतील! त्यातले काही खरे, काही भलत्याच गावचे, काही भलत्याच वर्षाचे. अशा वेळी "पहिल्यांदा कुणी पाठवलं" हा प्रश्न आमच्याकडे साधा राहत नाही. २०२१ च्या आयटी नियमांत नेमकं तेच आहे: कोर्टाचा किंवा अधिकृत आदेश आला तर मोठ्या ॲपनी संदेशाचा पहिला जनक शोधून द्यावा. त्यासाठी प्रत्येकाच्या पाकिटावर खूण करावी लागेल, असं म्हणत व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. अफवा पसरवणाऱ्याला पकडावं हे मलाही पटतं. पण त्यापायी आत्याच्या रिपोर्टवरही खूण होणार असेल तर ते पटत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. तो ज्यांच्या याचिकेवर दिला ते के. एस. पुट्टस्वामी आपल्या कर्नाटक उच्च न्यायालयाचेच निवृत्त न्यायमूर्ती. २०१२ मध्ये आधारच्या विरोधात ते कोर्टात गेले तेव्हा त्यांचं वय ऐंशीच्या पुढं होतं. खासगीपणा म्हणजे तरुणांचं फॅड, असं कुणी म्हणालं तर हे नाव सांगा.

मग लिनक्स फोनवर मोकळेपणानं चालतं ते काय? मॅट्रिक्स आणि एक्सएमपीपी. दोन्हींची रीत ईमेलसारखी: तुमचं खातं एका सर्व्हरवर, माझं दुसऱ्यावर, तरी बोलणं होतं. थोरल्या भावंडांना जीटॉक आठवत असेल. ते एक्सएमपीपीवरच चालायचं आणि २०१३ पर्यंत बाहेरच्या सर्व्हरशीही बोलायचं. मग गुगलनं दारं लावून घेतली. युरोपात २०२२ च्या डिजिटल मार्केट्स कायद्यानं व्हॉट्सॲपला दुसऱ्या ॲपसाठी दार किलकिलं करायला लावलं. आपल्याकडे तसा कायदा नाही. उलट मे २०२३ मध्ये केंद्र सरकारनं १४ ॲप अडवली. काश्मीरमधले दहशतवादी ती वापरतात, असं कारण दिलं गेलं. त्या यादीत मॅट्रिक्सचं एलिमेंट होतं आणि ब्रायरही होतं. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर. मॅट्रिक्स ही पद्धत त्यामुळे बंद झाली नाही. फ्लफीचॅटसारखी इतर ॲप आहेतच.

आपल्या भागातल्या माणसांना सगळ्यात जवळचा वाटावा असा प्रयोग म्हणजे 'प्राव'. मल्याळममध्ये प्राव म्हणजे कबूतर. भारतातल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी एक्सएमपीपीवर उभारलेली ही संदेशसेवा सहकारी तत्त्वावर चालवायची, बहुराज्य सहकारी संस्था काढून सभासदांनीच नियम ठरवायचे, ही त्यामागची कल्पना. मुलांना हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक चिकोडीचा पोरगा म्हणाला, "म्हणजे पतसंस्थाच की, सर!" अगदी तेच. साखर कारखाना, दूध डेअरी, पतसंस्था यांवर वाढलेल्या मुलखाला सभासद, भागभांडवल, वार्षिक सभा हे शिकवावं लागत नाही. गप्पांचा सर्व्हरही तसा चालू शकतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं. सहकारात काय काय बिघडतं, हेही आमच्या मुलखाला पाठ आहे. तरी जाब विचारायला वार्षिक सभा तरी असते. कॅलिफोर्नियातल्या कंपनीला जाब विचारायला आत्या कुठं जाणार?

आमच्या घरात सध्या असं चाललंय. ग्रुप व्हॉट्सॲपवरच आहे. पण उतारे, रिपोर्ट, आधारचे फोटो त्यावर टाकायचे नाहीत, ते सिग्नलवर ज्याचे त्याला पाठवायचे, एवढं मान्य झालं आहे. दिवाळीत मामेबहिणीनं सगळ्यांचे फोन घेऊन व्हॉट्सॲपच्या बॅकअपला एन्क्रिप्शन लावलं. ती सोय २०२१ पासून आहे, पण आपण चालू केल्याशिवाय ती लागत नाही, आणि तोवर गुगल ड्राइव्हवर गेलेला बॅकअप पाकिटाबाहेरच असतो. तिचा पासवर्ड मात्र कागदावर लिहून कपाटात ठेवा, तो हरवला तर कंपनीही परत देऊ शकत नाही. 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये अनोळखी संगणक जोडलेला नाही ना, तेही तिनं पाहिलं. एका काकांच्या खात्याला मुलाच्या जुन्या ऑफिसातला संगणक अजून जोडलेला निघाला. एक्सएमपीपीवर आम्ही फक्त चौघं आहोत. चौघांत फुलं येत नाहीत, त्यामुळे बोलणं जरा जास्त होतं.

ज्यांना लिनक्सचा फोन करून पाहायचा आहे, त्यांनी नवीन काही विकत घेऊ नये. कपाटातला जुना अँड्रॉइड फोन काढा, यूबीपोर्ट्सच्या किंवा पोस्टमार्केटओएसच्या यादीत तो आहे का बघा, आतले फोटो आधी उतरवून घ्या. यादीत नाव असलं तरी कॅमेरा, कॉल, जीपीएस यांतलं काय चालतं ते त्याच पानावर वाचा. जिओचं सिम असेल तर व्होल्टी चालतं का, हे आवर्जून पाहा, कारण त्यांच्या जाळ्यावर जुन्या पद्धतीचा कॉल मुळातच नाही. आणि बँकेचा नंबर ज्या फोनमध्ये आहे, त्याला हात लावू नका.